जॅकेटं दोन, माणसं दोन

आमच्या तलावावरच्या मच्छीमार सोसायटीची मी सभासद आहे, हे मला एका साहेबाने हजेरी घेतली तेव्हा कळलं.

त्या साली गणपती बसेपर्यंत पाऊस दोनदाच पडला होता आणि तलाव निम्म्याच्याही खाली गेला होता. सोसायटीला खात्याकडून फायबरची होडी मिळून दीड वर्ष झालं होतं. ती चेअरमनच्या दारात पालथी पडलेली होती. एका कडीला शेळ्या बांधायचे, पाठीवर मिरच्या वाळायच्या. खरे मासे धरणारी घरं आमच्यात चारच. ती माणसं थर्माकोलच्या तराफ्यावर पाय सोडून बसायची आणि जायची. बाकी आम्ही सगळे धरणात गाव गेलं म्हणून सोसायटीत घेतलेले. मग वरून पत्र आलं की होडी वापरात आणा, शिकवायला माणूस पाठवतो, आणि शिकणाऱ्यांत दोन बाया पाहिजेत.

साहेब यायच्या आदल्या दिवशी चेअरमन घरी आले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, वहिनींना आणि धाकटीला सकाळी काठावर पाठव, फोटोपुरतं काम आहे. धाकटी म्हणजे माझी जाऊ. आम्ही दोघी धुणं सोडून गेलो. साहेबाने यादी काढली आणि नावं वाचायला सुरुवात केली. अकरा बायकांची नावं होती, त्यात माझं आणि जावेचं. मी वाकून पाहिलं तर नावापुढे सही होती. मी दहावीपर्यंत शिकलेली आहे, माझी सही मला ओळखता येते. ती माझी नव्हती. अक्षर मात्र माझ्यापेक्षा चांगलं होतं.

"हाजर म्हणा, वैनी," चेअरमन हळूच म्हणाले.

मी म्हणाले.

साहेबाने होडी पाण्यात लोटायला लावली आणि विचारलं, आधी कोण बसणार. गडी एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पोहता येत नव्हतं, पण तसं कोण म्हणणार? मी पुढे झाले. का झाले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ती परक्याने केलेली सही डोक्यात होती, एवढं खरं. मी साडीचा ओचा खोचून होडीत पाय ठेवला, होडी कलली, मी धपकन बसले. सगळे हसले. साहेब हसला नाही. त्याने विचारलं, पोहता येतं का?

"न्हाई."

"मग उतरा. पोहता येईल त्या दिवशी बसा."

चार माणसांत मला खाली उतरवलं. त्या दिवशी फोटो काठावर उभं करूनच काढले. साहेब तीन दिवस राहिला, चारही घरच्या गड्यांना दोन-दोन फेऱ्या मारायला लावल्या, पाण्यावर तरंगवणारी सहा जॅकेटं सोसायटीच्या ताब्यात दिली आणि गेला. होडी पुन्हा चेअरमनच्या दारात गेली.

मी पोहायला शिकायचं ठरवलं. वय पस्तिशीला आलेलं, मुलगा आठवीत. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तलाव आटायला लागलाय अन् तू आता पोहणार? मी म्हणाले, आटतोय तवर शिकते.

मासे धरणाऱ्या घरांतले सगळ्यांत म्हातारे होते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, म्हणून ते दिवसभर काठावर जाळी शिवत बसायचे. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सुई थांबवली नाही. म्हणाले, उद्या दुपारी ये, पाणी तापलेलं असतं. नवऱ्याची पँट घालून ये, लुगड्यात पाय गुतले की माणूस तळाला जातं. आणि एकटी येऊ नको.

दुसऱ्या दिवशी मी पँटवर सदरा चढवून, वरून साडी नुसती गुंडाळून गेले. जाऊ सोबत आली. तिच्या कंबरेला दोराचं एक टोक, माझ्या कंबरेला दुसरं. आबांनी माझ्या पाठीला पाच लिटरचे दोन रिकामे तेलाचे डबे बांधले आणि कमरेइतक्या पाण्यात तोंड बुडवायला लावलं. आठ दिवस मी फक्त तोंड बुडवून श्वास सोडायला शिकले. मग एक डबा काढला. मग उरलेल्या डब्यात अर्धं पाणी भरलं, मला न सांगता. महिन्याभराने मी डब्याशिवाय आडवं पडून राहू शकत होते. पोहणं म्हणजे पळणं नव्हे, असं आबा सांगायचे. पाण्यात पडून वाट बघता आली पाहिजे. जाऊ माझ्यामागून पंधरा दिवसांत शिकली. ती लहानपणी आडात पडली होती आणि कुणीतरी केसाला धरून काढली होती, तरी शिकली.

गावात बोलणं सुरू झालं ते पँटवरून नाही. पँटीवर दोन दिवस हसून लोक थकले. बोलणं झालं जोडव्यांवरून.

झालं असं की आबांनी आम्हाला जाळं टाकायला शिकवायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी जाळ्याचा धागा माझ्या जोडव्यात अडकला. उथळ पाण्यात होते म्हणून बरं. मी पाय झटकला तसा धागा आणखी आवळला. आबांनी चाकूने तोडला आणि म्हणाले, "माय, जाळं गड्याचा पाय वळखत न्हाई अन् बाईचाबी न्हाई. हे काढून ठेवावं लागंल." मी तिथेच बसून जोडवी काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. जाऊने काढली. बांगड्या काढल्या. रोज पाण्यात जाण्याआधी काढायच्या, आल्यावर घालायच्या.

पण कुणीतरी नेमकं मला मोकळ्या पायांनी चढावरून येताना पाहिलं. संध्याकाळी सासूबाई दारातच बसल्या होत्या. नवरा जिता असताना बाई जोडवी काढते म्हणजे काय, हे त्यांना चार घरच्या बायांनी सांगितलं होतं. त्या रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. नुसत्या माझ्या पायांकडे बघत होत्या. मी त्यांच्यासमोर गाठ सोडली, जोडवी घातली आणि त्यांना म्हणाले, उद्या पुन्हा काढीन. तुम्हाला पटत नसंल तर उद्या काठावर या आणि जाळं पायात आलं की काय होतं ते बघा. त्या आल्या नाहीत. पण पुन्हा बोलल्याही नाहीत. नवऱ्याने रात्री जेवताना एवढंच विचारलं, लई अडकलं होतं का? मी पायाचं बोट दाखवलं. धाग्याने कातडं कापलं होतं.

दिवाळी झाल्यावर मी चेअरमनकडे गेले आणि म्हणाले, मला आता पोहता येतं, होडी द्या. ते खाटेवर बसून शेतकी खात्याच्या माणसाशी बोलत होते. म्हणाले, होडी काय माझ्या घरची हाय का, न्या की. त्यांना वाटलं मी दोन दिवसांत कंटाळेन. आम्ही शेळ्या सोडून दुसऱ्या खुंट्याला बांधल्या, मिरच्या चेअरमनच्या बायकोने स्वतः गोळा करून घेतल्या, आणि सहा बाया, दोन पोरी अशा मिळून होडी डोक्यावर धरून काठावर आणली.

होडी चालवणं म्हणजे वल्हं मारणं, असं मला वाटत होतं. आबांनी पहिले चार दिवस वल्ह्याला हात लावू दिला नाही. दोन्ही हात दोन्ही काठांवर ठेवून, वाकून, पाऊल बरोबर मधोमध टाकून बसायचं आणि उतरायचं. बसा, उतरा. बसा, उतरा. मग त्यांनी होडीत वाळूची ओली पोती ठेवायला लावली. दोन पोत्यांना काठ पाण्याच्या वर दीड वीत राहिला. चार पोत्यांना वीतभर. सहा ठेवली तेव्हा चार बोटं राहिली आणि जाऊने नुसती हाताने लाट केली तर पाणी आत आलं. आबांनी मला ते पुन्हा पुन्हा करायला लावलं. डोळ्यांना सवय झाली पाहिजे, म्हणायचे. पोतं गप बसतं, माणूस हालतं.

मग छातीइतक्या पाण्यात नेऊन होडी मुद्दाम उलटी करायला लावली. पहिल्यांदा मी घाबरून काठाकडे निघाले. आबा वरून ओरडले. होडी सोडायची नाही, उलटी झाली तरी ती बुडत नाही, तिला धरून राहायचं, कुणी येईस्तोवर. हे त्यांनी मला सात-आठ वेळा करायला लावलं. थंडीने माझे ओठ निळे पडले. जाऊ म्हणाली, बाई, बास की आता. आबा म्हणाले, वाऱ्याला बास म्हणता येत न्हाई.

वारा दुपारी मावळतीकडून यायचा. धरणाच्या भिंतीवरची धूळ उठलेली दिसली की अर्ध्या तासात तलाव खवळायचा. आम्ही उजाडताना जायचो आणि उन्हं वर आली की परत. उशीर झालाच तर आपल्या काठाचा हट्ट धरायचा नाही. जो काठ जवळ तो आपला, मग चालत घरी या. होडीत पाणी उपसायला कापलेला डबा, दोरीने बांधलेला. चाकू बांधलेला. आणि काठावर एका माणसाला सांगून जायचं, कुठं जातोय आणि कधी येणार. आमचं ते माणूस आबाच.

आता एक गोष्ट आबांना माहीत नव्हती आणि मला होती.

तलावाच्या मधल्या अंगाला जुनं गाव होतं. मी लग्न होऊन त्या गावात आले होते, सहा वर्षं तिथे नांदले आणि मग पाणी आलं. आबांची घरं वरच्या वाडीची, त्यांना ते गाव बाजारापुरतं ठाऊक. गड्यांची जाळी तिकडे फाटायची म्हणून ते तिकडे जायचे नाहीत. पाणी उतरायला लागलं तसं तिथल्या बाभळींची खुंटं वर आली. वरून दिसत नाहीत, हातभर पाण्याखाली असतात, आणि भाल्यासारखी टोकदार.

एका सकाळी आम्ही दोघी आणि पुढे आबा, हट्टाने बसलेले, असे तिकडून जात होतो. होडी कशावर तरी चढली. घासल्याचा आवाज आला आणि ती एका अंगाला कलली. जाऊ उठायला लागली, मी तिचा खांदा दाबून बसवली. आबांनी वल्हं पाण्यात खुपसून पाहिलं. दगड लागला. ते म्हणाले, हितं दगड कुठला आला?

मी सभोवार पाहिलं. डावीकडे टेकडीची सोंड, समोर सांडवा. मी डोळ्यांसमोर पाणी नसलेलं गाव आणलं. सहा वर्षं मी डोक्यावर दोन हंडे घेऊन, खाली बघून त्या गावात चालले होते. सून म्हणून वर बघायची सोय नव्हती, म्हणून जमीन मात्र पावलापावलाने ठाऊक झालेली.

"आबा, ही आडाची गडगडी बांधायची दगडं हायेत. दोन हायेत. दुसरं उजव्या हाताला, दोन हातांवर. मागं सरा, डावीकडं बाभळी न्हाईत, तिकडं खळं होतं."

मागे सरलो. डावीकडे खरंच काही लागलं नाही. आबांनी वल्हं आत घेतलं. मग म्हणाले, आता तू म्होरं बस, मी मागं बसतो.

पुढचे पंधरा दिवस मी आठवून आठवून खुंटं शोधली. लांब बांबूने चाचपायचं, लागलं की दगड बांधलेली रिकामी बाटली तिथे सोडायची. लाल चिंधी बांधलेली बाटली म्हणजे खुंट, पांढरी म्हणजे भिंत. वाडीचे गडी पहिल्यांदा हसले, मग त्या बाटल्या बघून तिकडे जाळी टाकायला लागले. तिथे मासा चांगला होता. कटला सापडायचा, मरळ सापडायची. आम्ही दोघी मासे टोपल्यांत घेऊन नांदूरघाटच्या बाजाराला जायचो, आणि माळकऱ्यांच्या घरची सून मासे विकते, याचीही एक वेगळी चर्चा झाली. तिचं मी काही मनावर घेतलं नाही. लाज वाटण्याची माझी ताकद जोडव्यांतच संपली होती.

संक्रांतीनंतर एक पुढारी दुष्काळ पाहायला येणार असं ठरलं. गुरांची चारा छावणी पाहून ते तलावावर येणार. चेअरमनने आम्हाला निरोप धाडला की होडी धुऊन ठेवा, चांगली लुगडी नेसा, पाहुण्यांना एक चक्कर मारून आणायचं आहे. मी निरोप घेऊन आलेल्याला विचारलं, पाहुणे किती? तो म्हणाला, असतील दोघं-तिघं.

गाड्या आल्या चार. पुढारी, त्यांच्याबरोबरची माणसं, कॅमेरेवाला, चेअरमन. सगळ्यांच्या अंगात पांढरे कपडे आणि पायात बूट. सहा जॅकेटांपैकी तोवर दोनच उरली होती. चार कुठे गेली हे विचारून मला उत्तर मिळालं नव्हतं. ती दोन आम्ही दोघींनी घातलेली होती. पुढारी होडीत चढले, त्यांच्यामागे एकेक जण चढायला लागला. मी मोजत होते. नऊ माणसं झाली. काठ पाण्याच्या वर चार बोटंसुद्धा राहिला नव्हता. त्या नऊ जणांतले तिघं उभेच होते. मावळतीला भिंतीवर धूळ दिसायला लागली होती.

मी वल्ही काढून घेतली आणि काठावर आले. जाऊ माझ्यामागून आली.

"काय झालं, वैनी?" चेअरमन म्हणाले.

मी म्हणाले, जॅकेटं दोन हायेत, तर माणसं दोन. त्यातलं एक मी, कारण वल्हायला कुणीतरी पाहिजे. म्हणजे पाव्हणे एक. साहेबांना बसू द्या, बाकीच्यांनी उतरा. वारा यायच्या आत घेऊन येते.

पुढारी हसले आणि म्हणाले, बाई, आम्ही काय बुडतोय व्हय? मी म्हणाले, तुम्हाला पोहता येतं का? ते पुन्हा हसले आणि कॅमेऱ्याकडे वळले. चेअरमन होडीतून उतरून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाव्हण्यांसमोर माझी शोभा करू नका. वल्ही द्या."

"न्हाई देत."

"कावून?"

"शिकवायला आलेल्या साहेबानं मला ह्याच होडीतून उतरवलं होतं. पोहता येत न्हाई म्हणून. तवा तुमी हसलात. मी शिकून आले. आता ह्यांना उतरवा."

माझा नवरा गर्दीत उभा होता. त्याने मान खाली घातली होती. मी वल्ही छातीशी धरून उभी राहिले. कुणी माझ्या अंगाला हात लावून वल्ही ओढणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि त्याचाच मी फायदा घेतला, हेही कबूल करते.

वाडीचा एक गडी पुढे आला, तराफ्याचं वल्हं घेऊन. तो होडीत बसला, चेअरमन पुन्हा चढले आणि तो नऊ माणसांना घेऊन निघाला. मी बघत राहिले. होडी भिंतीपर्यंत गेली, वळली, आली. काही झालं नाही. कुणाचा बूटही ओला झाला नाही. सगळे हसत उतरले, फोटो निघाले, चहा झाला. कॅमेरेवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली, जशी वेड्या माणसाकडे बघून हलवतात.

हे मी मुद्दाम लिहिते. होडी बुडली असती तर माझं खरं ठरलं असतं आणि सगळ्यांना गोष्ट आवडली असती. ती बुडली नाही. तरीही मी चुकले नव्हते. नऊदा जाऊन नऊदा सुखरूप आले असते तरी मी तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी होडीला साखळी-कुलूप. चेअरमनने सांगून पाठवलं की माझं आणि धाकटीचं नाव सोसायटीतून कमी केलं आहे. नवरा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "मी असतो तर न्हेली असती होडी. भीतीनं न्हाई, लाजंनं." आणि थोडं थांबून म्हणाला, "तू न्हाई नेली." एवढंच. मग छावणीवर कामाला निघून गेला.

मी केजला गेले. जीपमध्ये माणसं लोंबकळत होती, तरी गेले. तालुक्याला ज्या कचेरीत सोसायट्यांची कागदं असतात तिथे एक कारकून होता. त्याने दोनदा उद्या या म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले आणि त्याच्या टेबलासमोर बसून जेवले. तेव्हा त्याने कपाटातून पोटनियमांचं पुस्तक काढून दिलं. मी तिथेच बसून वाचलं. सभासदाला काढायचं तर सभा घ्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. आणि सभेला ठरलेली माणसं हजर पाहिजेत, नाहीतर सभाच होत नाही. आमच्याकडे सभा घरोघर फिरून, सह्या घेऊन व्हायच्या. त्या सह्यांतली एक मी पाहिली होतीच. मी कारकुनाला म्हणाले, सभा कधी आहे ते कळवा, आणि सभा खरी होऊ द्या. त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

फाल्गुनात सभा लागली. कचेरीतला माणूस सही तपासायला येणार होता. अर्धे गडी ऊसतोडीला गेलेले, थोडे छावणीत. शाळेच्या वर्गात सात पुरुष येऊन बसले. चेअरमन घड्याळाकडे बघत होते. माणसं कमी पडली तर सभा पुढे जाणार, आणि पुढे कधी होईल ते त्यांच्या हाती.

मग आम्ही अकरा बाया आत गेलो. मी आणि जाऊ आठ दिवस बाकीच्या नऊजणींच्या घरी जात होतो. त्यातल्या सातजणींना आपण सभासद आहोत हेच ठाऊक नव्हतं. चेअरमनची बायकोही त्या अकरांत होती. ती डोक्यावरून पदर घेऊन सगळ्यांत मागे बसली.

मला आणि जावेला काढायचा ठराव चेअरमनने वाचला. वर चार हात आले. खाली गेले. मग मी उठले आणि माझा ठराव सांगितला. जितकी जॅकेटं तितकीच माणसं. पोहता येत नाही त्याने वल्हं धरायचं नाही. भिंतीवर धूळ दिसली की होडी काठाला. आणि होडी तलावावर राहील, कुणाच्या दारात नाही. एक पुरुष म्हणाला, हे सगळं साध्या होडीला कावून पाहिजे? आबा दाराशी काठी टेकून बसले होते. त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं की त्यांचा थोरला भाऊ अशाच शांत पाण्यात, काठापासून हाकेच्या अंतरावर गेला होता. वारा नव्हता, काही नव्हतं. तिघांच्या तराफ्यावर पाचजण बसले होते.

हात वर आले. बायांचे दहा, पुरुषांचे तीन. चेअरमनच्या बायकोने हात वर केला नाही; पण मला काढायच्या वेळीही केला नव्हता, आणि हे चेअरमनने पाहिलेलं मी पाहिलं. ठराव लिहिला गेला. मी वाचून खाली सही केली. माझी.

त्यानंतर दीड महिन्यात तलाव आटला. शेवटचे मासे चिखलातून हाताने काढले. होडी निंबाखाली पालथी घातली. चेअरमन बाजारात चारचौघांत म्हणाले, आता घाला जॅकेटं.

वैशाख सरता सरता मी आणि जाऊ कुऱ्हाडी घेऊन तलावाच्या तळात उतरलो. जमीन इतकी तडकलेली की भेगेत पाऊल जायचं. जुनं गाव उघडं पडलं होतं. आम्ही बाभळीची खुंटं तोडायला सुरुवात केली. पाण्यात भिजून ती लोखंडासारखी झाली होती. पहिल्या दिवशी दोघींनी मिळून तीन तोडली. तिसऱ्या दिवशी चारजणी आल्या, मग सहा. जळण ज्याचं त्याने न्यायचं ठरलं होतं, म्हणून काही जणी जळणासाठीच आल्या असतील. आल्या एवढं खरं. आडाची दोन्ही दगडं पहारीने पाडली.

एका दुपारी नवरा छावणीवरून सुटून थेट तिकडे आला. थोडा वेळ बघत उभा राहिला. मग माझ्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि एका खुंटावर घाव घालायला लागला. दमल्यावर थांबून म्हणाला, "अन् पाणी आलंच न्हाई तर?"

"तर गावात चालायला वाट झाली," मी म्हणाले.

तो हसला आणि पुन्हा तोडायला लागला.

पाणी पुढच्या साली आलं नाही, त्याच्या पुढच्या साली आलं. आता आमच्याकडे तीन होड्या आहेत आणि सतरा जॅकेटं. दर जत्रेला कुणीतरी दहाजण चढतात आणि म्हणतात, एका चकरंनं काय होतंय. मी त्यांना उतरवते. काही शिव्या देतात. देऊ द्या.